लेखी बोली

लिलावाच्या दालनात पिंपवाल्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाकीची मंडळी उंची वाइनवर नाकाने कांदे सोलत बसलेली. त्याला एकच बाटली हवी होती. चाळीस वर्षांपूर्वी त्याने पिंपं बनवली आणि थोरल्या भावाने त्यांत वाइन मुरवली, त्या शेवटच्या हंगामातली. पुढे वडिलांच्या घरावरून दोघांचं फाटलं ते फाटलंच. यानं पत्रं टाकली, उत्तर नाही. आता घरात बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

महिन्यापूर्वी गुडघा प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्याने टपालाने लेखी बोली पाठवली होती. गैरहजर माणसाच्या वतीने लिलाववालाच ती चढवत नेतो. पण प्लास्टर निघालं आणि स्वारी जातीने हजर. आपण आलो म्हणजे कागद आपोआप रद्द, असं यानं परस्पर ठरवून टाकलं. दारात नंबरची पाटी घेताना विचारलं असतं तर काय जीभ झडली असती?

बाटलीची पाळी आली. त्याने पाटी वर केली.

"माझ्याकडे लेखी बोली आहे," लिलाववाला वहीत बघून म्हणाला आणि आकडा चढवला.

पुन्हा पाटी, पुन्हा वही. दालनात दुसरं कुणी हूं की चूं करेना. ही बाटली जगात आणखी कुणाला हवी असणार? दादा! म्हणजे म्हातारा आहे अजून. विसरला नाही.

पाचव्यांदा उचलायला घेतलेली पाटी त्याने परत मांडीवर ठेवली. जन्मात पहिल्यांदा त्याने भावापुढे माघार घेतली, आणि इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. "घे दादा, तूच घे," तो पुटपुटला. हातोडा पडला.

तो लंगडत काउंटरवर गेला. "लेखी बोलीवाल्यांना एक निरोप द्याल? म्हणावं, धाकटा आला होता. भेटायचं म्हणतोय."

काउंटरवरच्या बाईंनी त्याची पाटी पाहिली, यादी पाहिली, मग त्याला पाहिलं.

"अहो काका, लेखी बोली तुमचीच होती की! आल्याचं सांगितलं नाहीत, तुमच्याविरुद्ध तुम्हीच चढवत बसलात. दुसरं कुणीच नव्हतं. बाटली तुम्हालाच मिळाली."

त्यांनी बाटली खोक्यात घालून पुढे सरकवली. "आणि तो निरोप?"

"पोचला," तो म्हणाला, आणि खोकं काखेत मारून जिन्याकडे वळला.