तळ्याच्या वाटेवरचे फावडे

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर नाक मुरडाल. माझे पाते एका बाजूने झिजले आहे, दांडा तीनदा बदलला आहे आणि अंगावर गंज चढला आहे. मी एक जुने फावडे आहे. तरीही सांगते, मी दुकानातून आलेले नाही. एका वेल्डरने भंगारातल्या ट्रकचा जाड पत्रा कापून, ठोकून मला घडवले. आजूबाजूची सगळी पोरे त्यांना मामा म्हणत, म्हणून माझेही ते मामाच झाले.

मला बघून मामी म्हणाल्या होत्या, "घरातल्या सुरीला धार नाही, आणि हे फावडी घडवताहेत!" मामा नुसते हसले.

मामींनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. मशीनवर वाकून वाकून त्यांच्या मणक्यांची वाट लागली होती. काठी टेकत स्वयंपाकघरातून दारापर्यंत जायचे, एवढेच त्यांचे चालणे उरले होते. पण गावामागे सगळ्यांसाठी मोकळा असलेला एक डोंगर होता, आणि त्यावरच्या तळ्यापर्यंत जीप जाईल अशी एक खडबडीत वाट होती. मामा आपल्या जुन्या जीपमध्ये उशा रचून मामींना बसवत आणि मला मागच्या जादा चाकाशेजारी बांधत. वर पोचले की मामी दार उघडून, पाय बाहेर सोडून तासभर तळ्याकडे बघत बसायच्या.

"इथे आलं की दुखणं खालीच राहतं बघा," त्या म्हणायच्या.

जीपवाले म्हणजे नुसती धूळ उडवणारे, असे लोकांना वाटते. काही तसे असतातही, खोटे कशाला बोलू? पण आमच्या रविवारच्या टोळीचा अर्धा दिवस कंबर वाकवण्यात जायचा. पावसाचे पाणी चाकोरीतून धावत सुटले तर वाट खरवडून नेते. म्हणून वाटेला आडवे चर खणून पाणी बाजूला काढायचे, खड्ड्यांत दगड भरायचे, पडलेली झाडे बाजूला करायची. हे सगळे मी केले आहे. त्यात कोणाची गाडी रुतली की तिला उकरून काढायलाही मीच. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे!

टोळीचा एक नियम होता. चिखल लागला तर त्याला वळसा घालायचा नाही. हळूहळू मधूनच जायचे. जमत नसेल तर उतरायचे, दगड भरायचे, मग जायचे. कारण एक गाडी गवतावरून गेली की दुसरी त्याहून बाहेरून जाते, आणि ओली कुरणे बघता बघता चिखल होतात. एकदा नव्या गाडीच्या काळजीने एका चष्मेवाल्याने स्टिअरिंग वळवले, तर मामा त्याच्यावर केवढे ओरडले! मामी जीपमधूनच म्हणाल्या, "गाडी धुऊन निघते रे बाळा. फाटलेलं कुरण कोण शिवणार?"

वनखात्याच्या रेंजरबाई एकदा आमचे काम बघायला आल्या. त्यांनी मला हातात घेऊन तोलून पाहिले. "असं फावडं असलं तर मला या वाटेवर फाटक बसवून कुलूप लावायची वेळ यायची नाही," त्या म्हणाल्या. मला तेव्हा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

मग मामींच्या पाठीचे ऑपरेशन झाले. कितीतरी आठवडे त्या पडून होत्या. डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली, तशी त्यांनी पहिली आठवण तळ्याचीच काढली. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. मामा जीप अशी चालवत होते, जणू आत तान्हे मूल झोपले आहे. अर्ध्या वाटेवर मोठा चिखल लागला. पुढचे चाक आत उतरले, खालच्या दगडावर आपटले आणि मामी किंचाळल्या. मामांनी जीप मागे घेतली. त्यांनी मामींच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिले. खाली उतरून, मला सोडवून घेऊन, दगड भरायला हवे होते. पण त्यात तासभर गेला असता आणि मामींना तासभर बसवणार नव्हते.

"एकदाच," मामा स्वतःशी पुटपुटले आणि त्यांनी चाक गवतावर घातले.

मी मागे बांधलेले होते. गवतावर उमटलेल्या दोन ओल्या रेघा मला दिसल्या. मामींना मात्र काहीच कळले नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. इथे पुढच्याला ठेचच लागली नाही, मग मागचे शहाणे कुठून होणार? "मामा गेलेत म्हणजे चालतं," चष्मेवाला म्हणाला आणि त्याच रेघांवरून गेला. मागून बाकीचे गेले. पावसाळा संपेपर्यंत ते कुरण नांगरल्यासारखे झाले. तिथला गाळ ओढ्यात उतरला आणि गावातल्या नळांना गढूळ पाणी येऊ लागले.

सभा भरली. मामा आमचे काम दाखवायला मलाही घेऊन गेले. लोक चिडलेले होते, आणि का चिडू नयेत?

"गाड्या कायमच्या बंद करा," एक गृहस्थ म्हणाले. "ज्याला तळं बघायचंय त्याने चालत जावं."

मामी खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. "ज्याला चालता येतं त्याने जरूर चालावं. मी कशी जाऊ, तेवढं सांगा."

रेंजरबाईंनी विचारले, "वाट सोडून पहिल्यांदा कोण गेलं?" टोळीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मामा उठले. "पहिलं चाक माझं."

मामींनी वळून त्यांच्याकडे पाहिले. घरी जाताना त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्यासाठी केलंत. मला विचारलं असतंत, तर मी म्हटलं असतं, परत फिरा."

कुरण भरून येईपर्यंत वाट बंद करायचे ठरले. टोळीने ते पुन्हा उभे केले तर वाट उघडेल, नाहीतर कायमची बंद. वाटेवर बसवायच्या फाटकाच्या खांबांचे खड्डे खणायचे काम मामांनी मागून घेतले. वाट उघडी ठेवण्यासाठी ज्या हातांनी मला घडवले, त्याच हातांनी मला ती बंद करायला लावले. मामा मधेच थांबून तोंड पुसत. घाम पुसताहेत असे इतरांना वाटे.

त्यानंतर दर रविवारी सगळे चालत वर जायचे. दगड, माती, गवताचे बी. सर्वांत जड पाट्या चष्मेवाल्याने वाहिल्या. दोन पावसाळे गेले आणि कुरण हिरवे झाले. फाटक उघडले.

तोवर मामींचे बसणेही बंद झाले होते.

"तुम्ही जाऊन या. माझ्या वाटचंही बघा," त्यांनी मामांना सांगितले. पहिली जीप मामांचीच, असा सगळ्यांनी आग्रह धरला. मामांनी नकारार्थी मान हलवली. ते फाटकाजवळ उभे राहिले, शेवटची गाडी वर गेलेली पाहिली आणि घरी परतले. मला दाराशी टेकवून ते पलंगाजवळ बसले.

"तळं भरलंय?" मामींनी विचारले.

"काठोकाठ."

"वारा?"

"आहे की. झाडं नुसती डोलताहेत."

मामांचे बूट कोरडे होते, त्यांना चिखलाचा ठिपकाही लागला नव्हता. मामींनी ते पाहिले. मग त्यांनी मामांचा हात हातात घेतला. "अजून सांगा," त्या म्हणाल्या.

मामींना जाऊन आता बरेच दिवस झाले. मामांनी मला पुन्हा हातात घेतलेले नाही. वर्कशॉपच्या मागे मी भिंतीला टेकून असते. मित्रांनो, मोकळ्या रानातली वाट कुलपाने बंद होते असे आपण म्हणतो, पण त्याआधी ती आपल्याच चाकांनी बंद केलेली असते. तुमच्या घाईला कारण असेल, अगदी प्रेमाचेही असेल. गवताला ते कारण कळत नाही आणि मागून येणाऱ्यांना फक्त तुमच्या चाकांच्या खुणा दिसतात. कुरणाला भरून यायला दोन पावसाळे पुरले. मामींच्या पाठीपाशी तेवढे नव्हते.

वरचे चर यंदा कोणी साफ केले असतील का? माझा दांडा अजून घट्ट आहे. तुमच्यापैकी कोणी वर जाणार असेल, तर मला घेऊन चला.