डाव्या बाजूचा स्नायू

सकाळी पावणेदहा वाजता डॉ. एल्स्पेथ मॅकइसॅक यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले आणि पडद्यावरचं चित्र जपून ठेवायला सांगितलं.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर चार वर्षांची ऑड्रा बूटिलिये होती. ती वर्षाची असताना तिची दुभंगलेली टाळू कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या याच रुग्णालयात मॅकइसॅक यांनीच शिवली होती. टाळू मिटली, पण बोलताना हवा नाकातून निसटे, 'प' आणि 'ब' तिथेच विरत. घराबाहेर तिचं बोलणं कुणाला कळत नसे.

कारण पडद्यावर होतं. टाळू उचलणारा स्नायू उजवीकडे मोकळा करून मागे वळवलेला होता. डावीकडे त्याचे काही तंतू हाडाच्या कडेला तसेच चिकटलेले होते.

"दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी काय म्हणाले असते, रेनो?"

मदतीला असलेले तरुण डॉक्टर रेनो कोमो म्हणाले, "बरंच काही, मॅडम. त्यातलं निम्मं मला घरी सांगता आलं नसतं."

त्या हसल्या नाहीत.

टाळू सूक्ष्मदर्शकाखालीच शिवायची, हा नियम त्यांचाच. पण तीन वर्षांपूर्वी, ऑड्राच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशी, कानाच्या डॉक्टरांचं सूक्ष्मदर्शक यंत्र बिघडलं होतं. "माझं घेऊन जा. मला चष्म्याला लावलेली भिंगं पुरतील," त्या म्हणाल्या होत्या. थांबलं असतं तर ऑड्राची शस्त्रक्रिया लांबली असती, आणि तिचे वडील समुद्रातली शेवंडं पकडण्याचा हंगाम सोडून आले होते. चष्म्याच्या भिंगांतूनही मोठं दिसतं. पण घशाच्या कोपऱ्यात पाहायचं तर मान वाकवावी लागते, आणि मान हलली की दिसणंही हलतं.

तंतू सोडवून झाल्यावर त्या ऑड्राच्या वडिलांना, क्लेटन बूटिलियेंना, भेटायला बाहेर आल्या.

"मागच्या वेळी एक भाग माझ्याकडून राहिला होता. आज मोकळा केला."

"राहिला म्हणजे? दिसला नाही?"

"जे यंत्र वापरायला हवं होतं, ते मी दुसऱ्यांना दिलं होतं."

"मग आम्हाला का नाही विचारलंत? थांबलो असतो की."

"तुमचा हंगाम होता म्हणून..."

"अहो बाई, शेवंडं दर वर्षी येतात. बालवाडीतली पोरं हिला बदक म्हणतात. कधी ऐकलंय तुम्ही?"

"नाही."

"मी रोज ऐकतो, आणायला जातो तेव्हा."

"पुढची तपासणी दुसऱ्या डॉक्टरांकडे हवी असेल, तर मी व्यवस्था करते."

"बघू. आधी पोर शुद्धीवर येऊ दे."

शस्त्रक्रियेला आता काही आठवडे झाले आहेत. गेल्या आठवड्यात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी ऑड्राच्या नाकाखाली छोटा आरसा धरून तिला 'प' म्हणायला लावलं. नाकातून निसटलेल्या हवेने आरशावर वाफ धरली. आधीपेक्षा कमी, पण धरली. सूज पूर्ण उतरल्यावर पुन्हा पाहायचं ठरलं आहे. क्लेटन यांनी डॉक्टर बदलून मागितलेला नाही. मॅकइसॅक यांचे फोनही त्यांनी अजून उचललेले नाहीत.