चौतीस नंबरचा शर्ट

स्टॅव्हलीचा फोन आला तेव्हा मी क्रेनबर्गच्या पेट्रोल पंपावर गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होतो. स्टॅव्हली आमच्या आइस हॉकी क्लबातला, खेळणारी पोरं हुडकणाऱ्यांचा मुख्य. वय एकतीस. मी पहिलं पोर हुडकलं तेव्हा याचे दुधाचे दात पडत होते. त्याने आधी हवा विचारली, मग रस्ते विचारले, आणि मग सांगितलं की सहा वर्षांत माझ्या यादीतलं एकही पोर क्लबाने घेतलेलं नाही. येत्या जूनच्या निवडीत, जिथे सगळे क्लब पाळीपाळीने पोरं घेतात, एक तरी नाव घेण्यासारखं दे. नाहीतर जॅकेट परत करावं लागेल.

जॅकेट म्हणजे क्लबाचं जॅकेट, छातीवर चिन्ह शिवलेलं. ते अंगावर असलं की कॅनडाच्या सास्केचेवान प्रांतातल्या कुठल्याही रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, दारातला माणूस मला आत सोडतो आणि ओरेस्ट बोदनार असं नाव घेऊन कॉफी देतो. ते गेलं की मी नुसता एकसष्ट वर्षांचा म्हातारा, पोरांचे खेळ बघत हिंडणारा. बावीस वर्षं मी हेच करत आलोय. घरी राहायची मला सवय नाही आणि घराला माझी. आयरीन, माझी बायको, म्हणते की मी घरी असलो की फ्रिजचा आवाज मोठा वाटतो.

क्रेनबर्गच्या रिंकमध्ये सगळ्यात वरच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात आम्हा लोकांची जागा. तिथे गरम हवेचा पंखा आहे. तो बंद असतो, पण आहे. माझ्या शेजारी लॉर्न फ्रीसन बसतो, दुसऱ्या क्लबाचा. आम्ही दोघांनी जितकी संध्याकाळची जेवणं एकत्र केलीत तितकी मी आयरीनबरोबर केली नाहीत. कुणाच्या गुडघ्यात पाणी झालंय, कुणाची लेक कुठे दिलीय, सगळं एकमेकांना माहीत. फक्त कुठलं पोर आवडलंय ते सांगायचं नाही. वही हाताने झाकून लिहायची. आवडलेल्या पोराचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्याच्याबद्दल कुणाला काही विचारायचं नाही. उलट जे आवडलं नाही त्याची मोठ्याने चौकशी करायची. लॉर्न बावीस वर्षं मला गोलकीपरबद्दल विचारतोय. त्याच्या क्लबाने आजवर एक गोलकीपर घेतलेला नाही.

त्या शुक्रवारी पहिला डाव संपेपर्यंत मला तीनदा डुलकी लागली. दुसऱ्या डावात क्रेनबर्गचा चौतीस नंबर बर्फावर आला आणि मी ताठ बसलो. काय पळत होता. बाकीची पोरं बर्फावर उभी आणि हा एकटाच घसरगुंडीवर, असं वाटत होतं. मी हळूच कागद बघितला. दारात वाटतात तो खेळाडूंच्या नावांचा कागद, ऑक्टोबरात छापलेला आणि त्यानंतर नुसता झेरॉक्स मारलेला. चौतीस: लुंडग्रेन, टोबिन, वय सतरा. शर्टाच्या पाठीवरही लुंडग्रेन. वरून चेहरे काही दिसत नाहीत, सगळे सोललेल्या बटाट्यासारखे. आम्ही नंबर बघतो. भोंग्यावरून सांगणारा माणूस मधेमधे काहीतरी बोलत होता, पण तो भोंगा तीन वर्षं बिघडलेला आहे आणि त्यातून फक्त कुणीतरी घोंगडी झटकल्यासारखा आवाज येतो.

पहिल्या डावात हा पोरगा का नव्हता, हे मला लगेच कळलं. कोच त्याला आमच्यापासून झाकून ठेवतोय. हुशार कोच.

लॉर्नने माझ्याकडे तिरपं बघितलं आणि गोलकीपर कसा वाटतो विचारलं. मी म्हटलं, बरा आहे.

दोन आठवड्यांनी रविवारी दुपारी पुन्हा गेलो. चौतीस पुन्हा दुसऱ्या डावातच आला. या वेळी पळाला कमी, पण समोरच्या संघातल्या दोन पोरांना त्याने कडेच्या फळ्यांवर असं चेपलं की एकाचा बूट निघाला. अंगानेही भरलेला दिसला. मी लिहिलं, ‘वाढीचं वय आहे.’ तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने गोल मारला, तोही डावीकडून. आता आमच्या खेळात काठी धरायची एक बाजू असते, उजवी नाहीतर डावी, आणि माणूस मरेपर्यंत ती बदलत नाही. पहिल्या खेपेस हा उजवीकडून मारत होता हे मी स्वतः लिहिलं होतं. मी दोन्ही पानं बराच वेळ बघितली. मग लिहिलं, ‘दोन्ही बाजूंनी मारतो. बावीस वर्षांत असं पोर बघितलं नाही.’

आता वाटतं की तिथे कुणाला तरी विचारायला हवं होतं. लॉर्नला कोपर मारून, हा चौतीस नक्की कोण रे, एवढंच. पण विचारलं असतं तर मला तो आवडलाय हे त्याला कळलं असतं.

स्टॅव्हलीने माझा अहवाल वाचून पहिल्यांदाच उलट उत्तर पाठवलं. पोराच्या घरी जा, माणूस म्हणून कसा आहे बघून ये, आणि मग हेच तुझं नाव असं समजतो.

बाहेरगावची पोरं खेळायला येतात ती गावातल्या कुटुंबांकडे राहतात. लुंडग्रेन मार्था हार्डर नावाच्या बाईंकडे राहत होता. एका कोरड्या दुपारी मी त्यांचं दार वाजवलं. बाईंनी जॅकेट बघितलं, एक उसासा टाकला आणि आत या म्हणाल्या. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, “टोबिन, अजून एक आलेत.”

पोरगा टेबलाशी बसला होता. शिडशिडीत, लाल नाकाचा, उजवा हात टेबलाखाली. मी इकडचं तिकडचं विचारलं. शाळा, आईबाप, झोप किती घेतोस. तो नीट उत्तरं देत होता, पण हात काही वर येईना. मार्थाबाईंनी पेरोगीची ताटली आणली, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाफाळत्या, वरून कांदा परतलेला, मला वाढल्या आणि ताटली त्याच्यापुढे धरली. एका हाताने ती पेलेना. सवयीने त्याने दुसरा हात वर काढला.

कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टर. त्यावर अख्ख्या वर्गाच्या सह्या.

“हे कधी झालं?” मी विचारलं.

“ऑक्टोबरात, सर. मावशींच्या पायरीवरून घसरलो. हाड जुळेना, दोनदा बसवलं.”

“मी मीठ टाकायला विसरले होते,” मार्थाबाई म्हणाल्या. “याच्या आईबापांना सांगून झालंय माझं.”

“बाकी कुणाला नाही, सर. कोचनी सांगितलंय कुणाला बोलायचं नाही. समोरच्या संघांना वाटलं पाहिजे मी आहे म्हणून. कुणी आलं की हात टेबलाखाली.”

मी काटा खाली ठेवला. म्हटलं, त्या शुक्रवारी मी तुला बघितलं. मग एका रविवारी बघितलं. परवा तू गोल मारलास.

“मी नाही, सर. शर्ट होता माझा.”

मग त्याने जो नियम सांगितला तो मला बावीस वर्षं तोंडपाठ होता. खेळताना शर्टावर रक्ताचा डाग पडला की पोराला बर्फावर राहू देत नाहीत. आत जाऊन शर्ट बदलून यावं लागतं. त्यासाठी प्रत्येक संघाकडे बिननावाचे दोन शर्ट असतात. क्रेनबर्गचे ते दोन शर्ट सामान सांभाळणाऱ्या माणसाने उकळत्या पाण्यात धुतले आणि आता ते मार्थाबाईंच्या नातीच्या बाहुलीला येतात. तेव्हापासून ज्याला रक्त येईल तो लुंडग्रेनचा शर्ट घालतो. आणि या वर्षी क्रेनबर्गमध्ये रक्त फार येतं.

शुक्रवारचा पळणारा पोरगा नाताळच्या सुट्टीत घरी गेला तो परत आलाच नाही, काकाचा ट्रक चालवतो. रविवारचा दांडगा वीस वर्षांचा, निवडीच्या वयाच्या बाहेरचा. आणि डावीकडून गोल मारणारा तो, ज्याच्याबद्दल मी गेल्या वर्षी ‘वेळ घालवू नये’ असं लिहून पाठवलं होतं.

“सर,” पोराने विचारलं, “तुम्ही माझं नाव कुठे लिहिलंय का?”

मी म्हटलं, पेरोगी चांगल्या झाल्यात.

“या आठवड्यातले तुम्ही चौथे,” मार्थाबाई म्हणाल्या. “मंगळवारी एक उंच गृहस्थ आले होते, फ्रीसन. त्यांनी सात खाल्ल्या. त्यांना हात काही दिसला नाही.”

गाडीत येऊन बसलो. जॅकेट काढून मागच्या सीटवर टाकलं, सराव म्हणून. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. दोन मिनिटांत परत घातलं आणि स्टॅव्हलीला फोन लावला. खरं सांगितलं तर जॅकेट जाणार होतं. न सांगितलं तर क्लब एका प्लॅस्टरवर निवड खर्च करणार होता, आणि त्या पोराला बिचाऱ्याला तिघांसारखं खेळावं लागणार होतं. मी थकलो होतो. थकल्यावर खोटं बोलायला जास्त कष्ट पडतात. मी सगळं सांगून टाकलं, पायरी, मीठ, उकळतं पाणी, तिन्ही पोरं, आणि त्या आठवड्यात फ्रीसनसकट तिथे जाऊन आलेले आम्ही चौघे.



“ओरेस्ट,” स्टॅव्हली म्हणाला, “चार क्लबांची माणसं एकाच आठवड्यात मोडक्या हाताचं पोर बघायला जातात का?”

“जातात. मीपण गेलो.”

“फ्रीसनने काय कबूल केलंय तुला?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याला वाटत होतं की मी फ्रीसनच्या क्लबासाठी पोर त्याच्यापासून दडवतोय. मी शपथ घेतली, तर म्हणाला शपथा कशाला. मी लेखी पाठवलं, मागचे अहवाल चुकीचे आहेत, कृपया फाडावेत, तर त्याने माझं पत्र क्लबाच्या मालकांना दाखवलं. म्हणे बघा, बावीस वर्षांत या माणसाने कुठल्या पोरासाठी एवढा आटापिटा केला नव्हता.

मार्चमध्ये प्लॅस्टर निघालं, पण तोवर क्रेनबर्गचा मोसम संपला होता. जूनमध्ये सहाव्या फेरीत आमच्या क्लबाने टोबिन लुंडग्रेनला घेतलं. लॉर्नच्या क्लबाची पाळी आमच्या लगेच मागून होती. त्यांच्या टेबलावर कुणीतरी पेन आपटल्याचं स्टॅव्हलीने मला आनंदाने सांगितलं. मला एक वर्ष वाढवून मिळालं. जॅकेटची चेन बिघडली होती, तीही त्यांनीच बदलून दिली. आयरीनला सांगितलं. ती म्हणाली बरं, आणि माझी बॅग पलंगाखालून बाहेर ओढून ठेवली.

निवडलेली पोरं तयार होईपर्यंत जुन्याच संघात खेळतात, म्हणून सप्टेंबरात लुंडग्रेन हात बरा झाल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या शर्टात क्रेनबर्गच्या बर्फावर उतरला. हातचं गेलेलं पोर बघायला वरच्या ओळीत त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो, एरवी चौघे असतो. पोरगा काही वाईट नव्हता. सरळ पळायचा, वळायच्या आधी थोडा विचार करायचा. चौथ्या मिनिटाला कुणाचं तरी कोपर त्याच्या नाकावर बसलं. रक्त छातीपर्यंत. पंचाने त्याला आत पाठवलं. भोंग्यातून घोंगडी झटकल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने तो आठ नंबरच्या शर्टात बाहेर आला. आठ नंबरचा पोरगा तापाने घरी होता.

माझ्या दोन्ही बाजूंनी दहा माना चौतीस नंबर शोधत होत्या. बाकावर बघत होत्या, कपडे बदलायच्या खोलीकडून येणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी बघत होत्या. दुसरा डाव गेला. तिसरा अर्धा गेला. मी हात वहीवर आडवा धरून लिहिलं, ‘आठ नंबर. वळताना विचार करतो.’

लॉर्नने घसा खाकरला. मला वाटलं आता गोलकीपरचं विचारणार. पण त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

“ओरेस्ट, चौतीस कुठे गेला रे?”

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला सरळ प्रश्न विचारला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचेही डोळे सुजलेले, त्याच्याही जॅकेटची चेन बिघडलेली, आणि त्याच्याही डोक्यावर कुठलातरी एकतीस वर्षांचा पोरगा बसलेला. मी खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. पण खरं मी एकदा सांगून बघितलं होतं.

“कोचने झाकून ठेवलाय,” मी म्हटलं.

लॉर्नने मान हलवली, वहीवर हात आडवा धरला आणि ते लिहून घेतलं.