वीतभर बाहेर

प्रीतमचा तिसरा पेनल्टी कॉर्नरही डाव्या खांबाच्या वीतभर बाहेरून गेला, तसे प्रशिक्षक आनंदराज सर बाकावरून उठले आणि उभेच राहिले. पहिले दोन गेले तिथूनच हाही गेला होता. खरोखर चुकणाऱ्याचा चेंडू दर वेळी नव्या ठिकाणी जातो. हा नेमाने चुकत होता.

नांदेडच्या या हॉकी संघाचा लीगमधला हा शेवटचा सामना. हरले तर संघ बाहेर, आणि त्याचे लातूरला राहणारे मालक अंबरीशशेठ गाशा गुंडाळणार. बरोबरी मात्र पुरेशी होती, आणि अजून गोल कुणाचाच झाला नव्हता. मोडलेला संघ सरांनी नव्याने उभा करत आणला होता, पण एखादं पोरगं चमकलं की कुठलं तरी सरकारी खातं त्याला नोकरी देऊन उचलून न्यायचं. नोकरीला नको कोण म्हणणार? आजही एका खात्याचे निवडकर्ते शेषेराव खास प्रीतमसाठी येऊन बसले होते. त्यांच्या मागे मुखेडहून सकाळच्या एसटीने आलेली प्रीतमची आई, नागुबाई.

काल जेवताना सर पोरांसमोर बोलून गेले होते, भाकरी आपण थापायच्या आणि जेवून जायचं लोकांनी, अशानं टीम उभी राहायची कशी? पोरं हसली होती. प्रीतम हसला नव्हता, हे त्यांना आत्ता आठवलं.

मध्यंतरात त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"मुद्दाम बाहेर मारून राहिलास?"

प्रीतम मनगटाची पट्टी सोडून पुन्हा बांधू लागला.

"बरोबरी पुरी हाय न्हवं, सर. मी गेलो तर फुडल्या साली कोण मारंल?"

सरांना आधी आनंद झाला. खरंच झाला. मग त्या आनंदाचीच इतकी शरम वाटली की त्यांना त्याच्याकडे बघवेना.

"तुझी माय बसलीय वर. फुडचा आत मार."

"हाव, सर."

आजवर त्याने सरांचा शब्द मोडला नव्हता.

सामना संपत आला तेव्हा चौथा कॉर्नर मिळाला. नागुबाईने पदर तोंडाला लावला. प्रीतम वाकला, चेंडू स्टिकवर ओढून त्याने सोडला आणि तो वीतभर बाहेर गेला.

शेषेराव उठून गाडीकडे निघाले. सर त्यांच्या मागे थोडे धावले आणि थांबले. सांगणार काय? पोरगं ठरवून चुकलं म्हटलं, तर त्याला कुठलंच खातं दारात उभं करणार नव्हतं.

सामना बरोबरीत सुटला. पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. अंबरीशशेठनी फोनवरच पुढचं वर्ष कबूल केलं. सर खाली उतरले तेव्हा नागुबाई हात जोडून समोर उभी होती.

"तुमी लई केलं, सर. त्याच्याच नशिबात न्हाई."

ती आणखी जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"चार हुकले म्हणून त्याला टीममधून काढू नका."

सरांनी मान डोलावली.