कोरा रकाना

मी एक जुनी, लाल पुठ्ठ्याची नोंदवही आहे आणि, मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी जन्माची भित्री आहे. कारखान्यात बांधणीचं दाभण पाठीत शिरलं, तेव्हापासून माझी जी छाती धडधडतेय ती आजतागायत.

आमच्याकडे नाल्याच्या दोन काठांवर दोन वस्त्या आहेत आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भांडण पेटण्याआधीच विझवावं म्हणून दोन्हीकडच्या अकरा बायकांनी गट केला. त्यांना पहिलं अनुदान मिळालं, तेव्हा मला आणलं आणि कपडे शिवणाऱ्या मावशीच्या दुकानात ठेवलं. बायका उसवलेली बाही घेऊन यायच्या आणि हळूच बातमी सांगायच्या. काय, कुठे, कधी, एवढंच मावशी लिहायची. कुणी सांगितलं, तो रकाना कायम कोरा.

एकदा दवाखान्यातली नर्स सांगून गेली, की बंद गोदामाच्या छपरावर दगड जमवलेत. जमवणारा तिचाच दीर होता. दुसऱ्या दिवशी अकराही जणी टोपल्या घेऊन त्या छपरावर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत शेंगा सोलत राहिल्या. आईच्या डोळ्यांदेखत दगड कोण उचलणार? पोरं आली तशी डोकं खाजवत परत गेली. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी माझ्या पुठ्ठ्यावरून कौतुकानं हात फिरवला. मी फुलून गेले.

पुढच्या वर्षीच्या अर्जात विचारलं होतं, कोणत्या सदस्येनं कोणती माहिती दिली? गटाचं लिखाण अकरा जणींतल्याच एक, शाळेतल्या बाई बघायच्या; कुणी काय सांगितलं, ते त्यांना तोंडपाठ असायचं. वर्षानुवर्षं हजेरी भरलेला हात तो, कोरा रकाना त्यांना बघवतच नाही. त्यांनी माझ्या शेवटच्या पानावर पट्टीनं रेघा मारल्या आणि प्रत्येकीच्या नावासमोर तिची बातमी सुवाच्य अक्षरात लिहिली. अर्जात उद्या उतरवू म्हणाल्या आणि घरी गेल्या. माझ्या मात्र अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी नर्स दुकानात आली होती. पाठोपाठ तिचा दीर.

"मावशी, पँट आखूड करायचीय. आणि त्या बायकांना छपरावर कुणी धाडलं, तेही सांगा."

मी टेबलावर उघडीच होते. शेवटचंच पान वर! नर्सचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही कसली वही?"

"थांब रे, आधी हिच्या कॉलरचा साचा कापू दे," असं म्हणत मावशीनं ते पान टरकन फाडलं, अक्षरं आत करून नर्सच्याच मानेला लावून बघितलं आणि कात्री चालवली. नावांचे तुकडे टेबलाखाली पडले. मग मला उचलून तिनं त्याच्या हातात दिलं. "घे, बघ."

त्यानं माझं एकेक पान उलटलं. त्याच्या अंगठ्याचा घाम मला अजून आठवतो.

"सांगितलं कुणी, ते कुठाय?"

"लिहिलं असेल तर वाच की."

त्यानं मला भिंतीवर आपटलं आणि तो निघून गेला. माझी पाठ तेव्हाच मोडली.

शाळेतल्या बाई धावत आल्या. "मी शेण खाल्लं गं मावशी!" म्हणून रडल्या. मग त्यांनीच अर्ज भरला. त्या एका रकान्यावर त्यांनी दोनदा पेन टेकवलं आणि दोनदा उचललं. अर्ज परत आला, 'माहिती भरून पाठवा' अशा शेऱ्यासह. त्यांनी तो तसाच कोरा पुन्हा पाठवला. अनुदान अजून अडलेलं आहे. बायका अजून उसवलेल्या बाह्या घेऊन येतात, आणि मावशी माझ्या समासात बारीक अक्षरात लिहिते, कारण नवी वही आणलेली नाही.

मित्रांनो, कधी माझ्यासारखी वही तुमच्या हाती आली, तर तिची मोडकी पाठ चिकटवा, ओलीपासून जपा. पण कुणी जाणूनबुजून सोडलेला रकाना दिसला, तर पेन खाली ठेवा. टपालवाल्याची सायकल दारात थांबली, की मला अजून धडकी भरते. मला त्या दिराची तेवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती एखाद्या भल्या, सुवाच्य अक्षराच्या माणसाची.