पाणी न सांडणारी थेमेलिना मावशी

आमच्या बेटावर हिवाळ्यात माणसं दोनच, मी आणि थेमेलिना मावशी. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र माझ्या ताब्यात. त्याला वीज पुरवतात पवनचक्की नि सौर पॅनेल, उरलेली बॅटरीत जाते. बाहेरून वीज येत नाही, आणि यंत्र बसल्यापासून पाण्याचं जहाजही येत नाही.

यंत्राला एक खोड आहे. चालतं राहिलं नाही तर आतले मीठ गाळणारे पडदे नासतात, आणि टाकी भरलेली असली की ते चालवता येत नाही. ऑफिसातून फोन आला, "तिथे कोणी पाणी वापरतच नाही. असंच राहिलं तर रविवारच्या बोटीने परत या. यंत्र औषध भरून उन्हाळ्यापर्यंत बंद."

म्हणजे मावशी एकटी पडणार, नाहीतर पिरेयस शहरात मुलीच्या सहाव्या मजल्यावरच्या घरी जाऊन बसणार. तिला दोन्ही नको होतं. मलाही नको होतं. मी तरी भांडणार कोणाशी?

दोष तिचाच. सगळा जन्म पावसाचं पाणी पुरवून पुरवून वापरण्यात गेला. भांडी धुतलेल्या पाण्याने फरशी पुसायची, तेच मग लिंबाला घालायचं.

"मावशी, नळ सोडून ठेव. वाहू दे."

"डोकं ठिकाणावर आहे का, सकेलारी? देवाचं पाणी गटारात सोडू?"

"देवाचं नाही, मी केलंय ते."

"मोठा आला पाणी करणारा!"

तरी तिने नळ सोडला. धार लागते न लागते तोच तिचा हात गेला आणि नळ बंद. "नाही जमत रे," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. मी चिडून निघून आलो.

शनिवारी टाकी भराभर उतरू लागली. पाइप फुटला असं वाटून मी धावत वर गावात गेलो. मावशी एका बंद घराच्या अंगणात होती, नळी घेऊन, जमिनीखालचा हौद भरत.

"बहिणीचं घर," ती म्हणाली. "मेलबर्नहून आली तर तहानलेली राहायला नको. शेजारच्या मिकेसचा हौद सकाळीच भरला."

बहीण तिकडेच वारली, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी नळीचं दुसरं टोक धरलं.

दुपारी पुन्हा फोन. "वापर एकदम वाढलाय. लोक आलेत का?"

मावशी मान हलवून 'हो म्हण' असं खुणावत होती.

"आलेत," मी म्हणालो.

"कोण कोण?"

मी गल्लीतल्या बंद दारांकडे बघत एकेक नाव सांगत गेलो.

"बरं झालं. मग थांबा तिथेच."

अंधार पडेपर्यंत आम्ही हौद भरत होतो. मग मावशी तिच्या घरी गेली नि मी माझ्या. गावात दिवे दोनच लागले.