गुंडाळी फळ्यावरची नेमणूक

मी एक जुना गुंडाळी फळा आहे. भिंतीत बसवलेला जो मोठा फळा असतो, तो माझा थोरला भाऊ. तो जागचा हलत नाही. मी मात्र खुंटीला टांगता येतो आणि काखोटीला मारून कुठेही नेता येतो.

मित्रांनो, माझा जन्म संभाजीनगरात शफीकभाईंच्या दुकानात झाला. जाड कापडावर त्यांनी काळ्या रंगाचे तीन हात दिले, वर आणि खाली सागवानी पट्ट्या ठोकल्या आणि एक सुतळी बांधली. सरिताबाई मला घ्यायला आल्या, तेव्हा त्यांनी नख लावून रंग तपासला. शफीकभाई हसून म्हणाले, "बाई, तुमी रिटायर व्हाल, पन ह्यो नाय होनार." त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. तेव्हा मी तरुण होतो, कुणी स्तुती केली की लगेच फुगायचो.

सरिताबाई पाचोडच्या पुढच्या एका लहान गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. दर सोमवारी वर्गात नेमणुका होत. कुणी मॉनिटर, कुणी घंटेवर, कुणी पाण्याच्या टाकीवर, कुणी चपला रांगेत लावायला. ज्याची नेमणूक झाली, त्याने माझ्याजवळ येऊन ती इंग्रजीत लिहायची, असा नियम होता.

आणि इथेच गंमत व्हायची. एकदा सुदर्शन मॉनिटर झाला. त्याने छाती काढून लिहिले, 'सुदर्शन अपॉइंटेड मॉनिटर.' त्याची काही चूक नव्हती हो. आपल्या मराठीत 'सुदर्शन मॉनिटर नेमला' म्हटले की झाले. नेमणाऱ्याचे नाव घेतले नाही तरी सगळ्यांना समजते. इंग्रजी मात्र खडूस. मधला 'वॉज' विसरलात, तर सुदर्शनला कुणी नेमले नाही, उलट सुदर्शननेच कुणाला तरी नेमले, असा अर्थ होतो.

बाई म्हणाल्या, "बरं सुदर्शन, तू नेमलास तो मॉनिटर कुठं बसलाय? दाखव बरं."

सुदर्शन खरोखर मागे वळून शोधू लागला. वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. त्या दिवसापासून शाळेत म्हणच पडली, 'वॉज विसरला, तो साहेब झाला.' कुणी 'वॉज' गाळले की मुले एका सुरात ती म्हण म्हणत.

अशी पुष्कळ वर्षे गेली. हजारो 'वॉज' माझ्या अंगावर लिहिले गेले आणि पुसले गेले. मग शाळेत मोठा चकचकीत टीव्ही आला. बोट लावले की त्याच्यावर अक्षरे उमटत. टीव्ही बसवण्यात आला आणि मला गुंडाळून कोठीत ठेवण्यात आले. कुणी ठेवले? ते मलाही माहीत नाही. अशा वाक्यांत नाव कुणी लिहीत नाही. मला वाईट वाटले. खोटे कशाला सांगू, रडूच आले असते, पण खडूची भुकटी ओली झाली की चिखल होतो.

कोठीत मला चतुराबाईंची सोबत मिळाली. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. चौदा वर्षे झाली होती त्यांना. तांदळाची गोणी उचलताना रोज मला पदराने पुसत आणि पुटपुटत, "पड इथंच. तुला बी अन् मला बी कोन इचारतंय."

आणि एके दिवशी त्यांच्यावरही माझ्यासारखीच पाळी आली. शाळा समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब यांना चतुराबाईंच्या जागी एका पाहुण्याची सून लावायची होती. ते कोठीच्या दारात येऊन म्हणाले, "चतुराबाई, तुमच्या नेमणुकीचा कागद दाखवा. उद्या मीटिंग हाय. कागद नसंल तर जागा मोकळी करा."

चतुराबाईंच्या हातातले माप तसेच राहिले. कागद त्यांना कुणी दिलाच नव्हता. घरात त्या एकट्या कमावणाऱ्या. तात्यासाहेब गेल्यावर त्या गोणीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मी जवळच होतो, पण गुंडाळलेला फळा कुणाला काय धीर देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. टीव्ही काळाठिक्कर. बाईंनी मला कोठीतून आणून खुंटीला लावले. माझी पट्टी आनंदाने भिंतीवर आपटली. बाईंनी आदल्या दिवशी आठवीला गृहपाठ दिला होता. गावातल्या एका माणसाची नेमणूक लिहायची, पण शेवटी 'बाय' लावून नेमणाऱ्याचे नाव विचारून आणायचे. आफरीन उठली. तिने माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिले, 'चतुराबाई वॉज अपॉइंटेड कुक बाय तात्यासाहेब.'

बाईंनी विचारले, "तुला कुणी सांगितलं?"

"चतुराबाईंनाच इचारलं, बाई. तवा तात्यासाहेब नुस्ते मेंबर होते. म्हनले चूल पेटवा, तर यांनी पेटवली."

शाळा सुटल्यावर बाईंनी मला पुसले नाही, आणि मीटिंग त्याच वर्गात बसवली.

तात्यासाहेब खुर्चीत बसले आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. ते अडखळत वाचू लागले, "चतुराबाई… अपॉइंटेड… कुक… बाय…" आणि स्वतःच्या नावापाशी थांबले.

"'वॉज' राहिलं, तात्यासाहेब," सरिताबाई शांतपणे म्हणाल्या. "'वॉज' म्हणजे काम होऊन गेलंय."

समितीतले लोक तोंड फिरवून हसले. दारात उभ्या चतुराबाई हळूच म्हणाल्या, "तात्यासाहेब, पहिल्या दिशी खिचडी खाली लागली होती. लेकरं खाईनात. तवा तुमीच पंगतीत बसून दोन ताटल्या खाल्ल्या अन् म्हनले, लई झ्याक झाली, खा रे."

तात्यासाहेबांनी समितीची वही पुढे ओढली. मग म्हणाले, "करपली होती. पन खाल्ली म्या." आणि समितीच्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने ठराव लिहिला, सही केली आणि त्याची नक्कल चतुराबाईंच्या हातात दिली. पाहुण्यांना काय सांगायचे ते त्यांचे ते बघतील.

लोक गेल्यावर चतुराबाई माझ्यासमोर आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवले.

"बाई, ह्ये माझं नाव ना?"

"हो," सरिताबाई म्हणाल्या.

"अन् तात्यासाहेबांचं?"

"ते शेवटी."

चतुराबाईंनी अक्षरांना न लागता बोट ओळीच्या शेवटापर्यंत नेले. मग म्हणाल्या, "आज पुसू नका, बाई."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कुणीतरी घंटा देतो, कुणी खिचडी शिजवते, कुणी अंगण झाडते. त्यांची नावे विचारा आणि वाक्याच्या सुरुवातीला लिहा. जुना फळा मिळाला तर फेकू नका. मी अजून खुंटीवर आहे आणि माझ्यावर अजून एक ओळ आहे. ती पुसायचे धाडस अजून कुणी केलेले नाही.